बेड्या भंगारात, अंकलिपी हातात: अमेरिकेतल्या ‘कृष्णवर्णीय कॉलेजां’चं कोडं

२०२४ साली अमेरिकेची निवडणूक आपल्याकडच्या वाहिन्यांवर रंगात आली होती, तेव्हा कमला हॅरिस यांची ओळख करून देताना एक वाक्य हमखास यायचं: त्या हॉवर्ड या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठाच्या पदवीधर आहेत. हार्वर्ड नव्हे, हॉवर्ड. निम्म्या लोकांनी ती छपाईची चूक समजून सोडून दिली. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एका काकांनी मात्र विचारलंच, “म्हणजे तिकडे अजून काळ्यांची कॉलेजं वेगळी आहेत? आणि हे आपल्याला समतेचे धडे देणार!” त्यावर तीन अंगठे पडले, एक हसरा चेहरा आला आणि गाडी पाण्याच्या टँकरवर घसरली.

काकांना दोष देण्यात अर्थ नाही, नावच तसं फसवं आहे. हा गुंता सोडवायला एकच संस्था हाताशी घेऊ. हॉवर्ड नको, ते मोठं विद्यापीठ आहे. टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिल शहरातलं फिस्क घेऊ. नाव फिस्क युनिव्हर्सिटी, पण विद्यार्थी हजाराच्या आसपास, म्हणजे आपल्या तालुक्याच्या कॉलेजपेक्षाही लहान. फिस्क निवडण्याचं आणखी एक कारण आहे. त्याच्या गोष्टीत नागपूर येतं. ते पुढे सांगतो.

हुजूरपागेत घोडे नसतात

या संस्थांना अमेरिकेत ‘ऐतिहासिकदृष्ट्या कृष्णवर्णीय महाविद्यालयं आणि विद्यापीठं’ म्हणतात. इंग्रजी आद्याक्षरांवरून एचबीसीयू. यातला वजनदार शब्द ‘कृष्णवर्णीय’ नाही, ‘ऐतिहासिकदृष्ट्या’ हा आहे. पुण्याच्या हुजूरपागेत आज कुणी घोडे शोधायला जात नाही. तिथं पेशव्यांची पागा होती, शाळा आली, नाव राहिलं. तसंच हे. संस्था कुठून आली ते नाव सांगतं, आत कुणाला घेतात ते सांगत नाही. प्रवेश कुणालाही आहे, आणि कित्येक एचबीसीयूंमध्ये गोरे, लॅटिनो, आशियाई विद्यार्थी शिकतात.

कायद्यातली व्याख्या १९६५च्या उच्च शिक्षण कायद्यात आहे: १९६४च्या आधी स्थापन झालेली, मान्यताप्राप्त आणि कृष्णवर्णीयांचं शिक्षण हे मुख्य उद्दिष्ट असलेली संस्था. १९६४ हे वर्ष वर्णभेदाला बंदी घालणाऱ्या नागरी हक्क कायद्याचं. म्हणजे दारं बंद होती त्या काळात ज्यांनी स्वतःचं दार बांधलं, त्या या संस्था. तारीख उलटून गेल्यामुळे नवी एचबीसीयू आता निघू शकत नाही. अशा आज शंभरेक संस्था आहेत. त्यांतली सर्वांत जुनी पेनसिल्व्हेनियातली चेनी, १८३७ सालची. काही सरकारी, काही खासगी. फिस्क खासगी आहे.

कोंडवाड्यातलं भंगार

अमेरिकेचं यादवी युद्ध १८६५च्या वसंतात संपलं आणि गुलामगिरी रद्द करणारी घटनादुरुस्ती त्याच वर्षीच्या डिसेंबरात पक्की झाली. फिस्कचे वर्ग भरले ९ जानेवारी १८६६ला. मधे महिनाभराचं अंतर. जागा कुठली, तर सैन्याच्या इस्पितळाच्या रिकाम्या झालेल्या बराकी. त्या मिळवून दिल्या मुक्त गुलामांसाठीच्या सरकारी खात्याचे टेनेसीतले अधिकारी जनरल क्लिंटन फिस्क यांनी, म्हणून शाळेला त्यांचं नाव. चालवणारे होते अमेरिकन मिशनरी असोसिएशनचे लोक.

पहिले विद्यार्थी सात वर्षांपासून सत्तर वर्षांपर्यंतचे. दक्षिणेतल्या अनेक राज्यांत गुलामाला लिहायला-वाचायला शिकवणं हा गुन्हा होता, हे लक्षात घेतलं की सत्तरीचा माणूस बाकावर का येऊन बसला ते कळतं. नातवाच्या वयाच्या पोरांबरोबर अक्षरं गिरवायला त्याला लाज वाटली नसेल का? वाटली असेल. तरी आला.

पुस्तकं नव्हती. नॅशव्हिलमध्ये गुलामांच्या बाजाराजवळ कोंडवाडे होते. विक्रीआधी माणसांना तिथं बांधून ठेवत. त्या कोंडवाड्यातल्या गंजलेल्या हातकड्या आणि बेड्या गोळा करून भंगारात विकल्या आणि त्या पैशांतून अंकलिपीसारखी पुस्तकं आणि बायबलच्या प्रती आणल्या, असं फिस्कच्या इतिहासात सांगतात. किती किलो लोखंड निघालं असेल आणि त्यात किती पुस्तकं आली असतील, याचा हिशोब मी डोक्यात दोन-तीनदा करून पाहिला आणि सोडून दिला.

लिबरल आर्ट्स म्हणजे आपली ‘आर्ट्स साइड’ नव्हे

आपल्याकडे दहावीला टक्के घसरले की घरातलं कुणीतरी सुस्कारा टाकून म्हणतं, “घाल मग आर्ट्सला.” त्यामुळे फिस्क हे लिबरल आर्ट्स कॉलेज आहे म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे भलतंच काही येतं.

लिबरल आर्ट्स म्हणजे एका धंद्यापुरतं प्रशिक्षण न देता भाषा, गणित, विज्ञान, इतिहास, तत्त्वज्ञान, कला हे सगळं शिकवून माणूस तयार करणं. भौतिकशास्त्रवाला इतिहास शिकतो, इतिहासवाल्याला गणित चुकत नाही. एका भाजीची कृती पाठ करणं वेगळं आणि फोडणी का करपते ते कळणं वेगळं. ज्याला दुसरं कळलं, तो कुठल्याही स्वयंपाकघरात उभा राहतो.

काल-परवापर्यंत गुलाम असलेल्यांच्या मुलांना लॅटिन आणि ग्रीक कशाला, असं तेव्हा पुष्कळांना वाटायचं. त्यांत चांगल्या मनाचे लोकही होते. त्यांचा युक्तिवाद आपल्या ओळखीचा आहे: आधी हाताला काम द्या. सुतारकाम, विटा पाडणं, शेती, शिवण. या बाजूचे मोठे पुढारी बुकर टी. वॉशिंग्टन. त्यांनी १८८१ साली अलाबामात टस्कीगीची संस्था काढली आणि उत्तरेतल्या धनिकांनी तिला भरभरून पैसा दिला. वॉशिंग्टन यांचं अगदीच चूक होतं असं मला वाटत नाही. उपाशी माणसाला विटा पाडता येणं ही लहान गोष्ट नाही. पण देणगीदारांना ही योजना इतकी का आवडली, हे विचारायला हवं. विटा पाडणारा मत मागत नाही, न्यायाधीश व्हायला निघत नाही, असा त्यांचा हिशोब होता.

दुसऱ्या बाजूला उभे राहिले डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस, फिस्कचे १८८८चे पदवीधर. मॅसॅच्युसेट्सच्या एका लहान गावातून ते सतराव्या वर्षी नॅशव्हिलला आले. गावात जवळजवळ सगळे गोरे, आणि इथं एकदम शेकडो कृष्णवर्णीय मुलं-मुली, त्यांच्यातलेच हुशार, त्यांच्यातलेच वात्रट. सुट्टीत ते टेनेसीच्या खेड्यात मास्तरकी करायला जात. फिस्कची पदवी घेऊन हार्वर्डला गेले, तेव्हा हार्वर्डनं ती पुरती मानली नाही. त्यांना बीएची शेवटची दोन वर्षं पुन्हा करावी लागली. १८९५ साली त्याच हार्वर्डमधून पीएचडी मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय.

गंमत म्हणजे बुकर वॉशिंग्टन यांच्या पत्नी मार्गारेट मरे फिस्कच्याच पदवीधर होत्या, आणि स्वतः वॉशिंग्टन पुढे फिस्कच्या विश्वस्त मंडळावर बसले. भाषणात आयटीआय, घरात बीए.

आणि ‘आर्ट्स’ कॉलेजात विज्ञानाचं काय? सेंट एल्मो ब्रेडी फिस्कमधून १९०८ साली बाहेर पडले आणि १९१६ साली इलिनॉय विद्यापीठातून रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. हे करणारे ते अमेरिकेतले पहिले कृष्णवर्णीय. पुढे पाव शतक त्यांनी फिस्कमध्येच रसायनशास्त्र शिकवलं.

गाऊन बांधलेली इमारत

सुरू झाल्यावर पाच वर्षांत शाळा बुडायच्या बेतात आली. बराकी कुजल्या, कर्ज वाढलं. फिस्कचे खजिनदार जॉर्ज व्हाइट हे गोरे गृहस्थ मुलांना गाणंही शिकवायचे. त्यांच्या डोक्यात कल्पना आली की मुलांना घेऊन उत्तरेत गाण्याचे कार्यक्रम करायचे आणि पैसा उभा करायचा. उरलासुरला पैसा प्रवासखर्चाला काढून ६ ऑक्टोबर १८७१ला नऊ मुलं-मुली निघाली. त्यांतली बहुतेक गुलामगिरीत जन्मलेली.

त्यांच्यात पियानोवर बसणारी वीस वर्षांची एला शेपर्ड होती. तिच्या वडिलांनी साडेतीनशे डॉलर मोजून तिला गुलामीतून सोडवलं होतं. आई मागेच राहिली. सिनसिनाटीत तिनं एका बाईंकडे गाणं शिकायला सुरुवात केली, तेव्हा बाईंची अट होती की कुणाला सांगायचं नाही, रात्री यायचं आणि मागच्या जिन्यानं यायचं. असे बारा धडे झाले. फिस्कला आली तेव्हा तिच्याजवळ सहा डॉलर होते आणि एक ट्रंक, इतकी लहान की पोरांनी तिला चिडवून घेतलं.

सुरुवातीला हा चमू त्या काळात रुळलेली गोऱ्यांची गाणी गायचा. दाद यथातथाच. हॉटेलवाले खोली देत नसत. लोकांना वाटायचं, तोंडाला काजळी फासून विनोद करणाऱ्या गोऱ्या नकलाकारांसारखा काहीतरी तमाशा असेल. मग कार्यक्रमात ती दुसरी गाणी आली, जी गुलाम शेतात राबताना, रात्री चोरून जमलेल्या प्रार्थनेत म्हणत. त्यांना ‘स्पिरिच्युअल’ म्हणतात. ही गाणी लोकांपुढे म्हणायला मुलं तयारच नव्हती. एला शेपर्डनं पुढे लिहून ठेवलंय की ती गाणी गुलामगिरीशी, अंधाऱ्या काळाशी जोडलेली होती, विसरायची होती. एखाद्या आजीला तिच्या जात्यावरच्या ओव्या तिकीट लावलेल्या सभागृहात म्हणायला सांगा. त्या ओवीत तिच्या सासरचा जाच आहे, मेलेलं मूल आहे. ती आधी पदरच ओढून घेईल.

पण मुलं गायली, आणि सभागृहं गप्प झाली.

ओहायोतल्या कोलंबसमध्ये व्हाइट यांनी चमूला नाव दिलं, ज्युबिली सिंगर्स. आपण ज्युबिली शब्द सिनेमाच्या पंचवीस आठवड्यांशी जोडतो. मूळ अर्थ बायबलमधला: दर पन्नासाव्या वर्षी दासांना मोकळं करायचं, ते वर्ष. दौऱ्याच्या पहिल्याच दिवसांत शिकागोला भीषण आग लागली, तेव्हा एका कार्यक्रमाचे जमलेले थोडके पैसे या मुलांनी आगग्रस्तांना देऊन टाकले. स्वतःची शाळा बुडत होती आणि अंगावर थंडीचे पुरते कपडे नव्हते.

१८७२ साली व्हाइट हाऊसमध्ये राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांच्यासमोर गाणं झालं, १८७३ साली इंग्लंडमध्ये व्हिक्टोरिया राणीसमोर. पहिल्या दौऱ्यात वीसेक हजार डॉलर जमले, सात वर्षांत सगळे मिळून दीड लाखाच्या आसपास. त्यातून जागा घेतली आणि सैन्याच्या जुन्या किल्ल्याच्या टेकाडावर ज्युबिली हॉल ही इमारत १८७६ साली पुरी झाली. दक्षिणेत कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी बांधलेली ती पहिली कायमची पक्की वास्तू मानतात. व्हिक्टोरियन धाटणीची उंच इमारत आजही उभी आहे आणि मूळ गायकांचं भिंतभर तैलचित्र तिच्यात आहे. या सगळ्याची किंमत गायकांच्या शरीरांनी मोजली. सततच्या प्रवासानं एकेक आजारी पडत गेले आणि १८७८मध्ये मूळ चमू मोडला. पण नावाची परंपरा चालू राहिली. २०२१ साली ज्युबिली सिंगर्सना ग्रॅमी मिळालं.

इथं थोडं पुण्याकडे वळू. मुलं राणीसमोर गायली त्याच १८७३ साली जोतीराव फुल्यांची ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झाली. तिची अर्पणपत्रिका अमेरिकेतल्या लोकांना आहे, गुलामांना मुक्त करण्यासाठी त्यांनी जे केलं त्याच्या गौरवार्थ. आपल्या देशबांधवांनीही शूद्रांच्या मुक्ततेसाठी तो कित्ता गिरवावा, असं जोतीराव त्यात म्हणतात. दोन्हीकडे एकाच गोष्टीची निकड वाटत होती, पाटी-पेन्सिलीची.

“पण हा उलटा वर्णभेद नाही का?”

काकांचा खरा प्रश्न हाच होता. उत्तरासाठी एक तारीख पुरेल. १९०१ साली टेनेसी राज्यानं कायदा केला की गोरे आणि कृष्णवर्णीय विद्यार्थी एका वर्गात शिकता कामा नयेत, खासगी संस्थेतसुद्धा. म्हणजे फिस्कला एखाद्या गोऱ्या मुलाला घ्यायचं असतं तरी ते बेकायदा होतं. भिंत राज्यानं घातली. फिस्क भिंतीच्या ज्या बाजूला होतं, तिथं त्यानं घर बांधलं.

फिस्कमध्ये गोरे नव्हते असंही नाही. संस्थापक गोरे, पुष्कळ शिक्षक गोरे, आणि पहिली ऐंशी वर्षं सगळे अध्यक्ष गोरे. चार्ल्स एस. जॉन्सन हे समाजशास्त्रज्ञ १९४६ साली निवडले गेले, ते पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष. हा उशीर काही सहज झालेला नव्हता. १९२०च्या दशकात तेव्हाचे अध्यक्ष फेएट मॅकेन्झी यांनी देणगीदारांची मर्जी राखायला विद्यार्थ्यांवर कडक बंधनं लादली: विद्यार्थ्यांचं नियतकालिक बंद, मुलामुलींनी बोलण्यावर पहारा. १९२४ साली ड्यू बॉइस यांची मुलगी पदवीधर झाली, तेव्हा ते फिस्कमध्ये भाषणाला आले आणि अध्यक्ष समोर बसलेले असताना त्यांची सालटी काढली. पुढच्या वर्षी विद्यार्थ्यांनी संप केला आणि मॅकेन्झी यांना जावं लागलं. परोपकाराच्या पैशावर चाललेल्या संस्थेत मालक कोण, हा प्रश्न फिस्कनं आपल्याच अंगणात सोडवला. अर्धामुर्धा का होईना.

“मूठभरांना शिकवून काय होणार?”

हा आक्षेप जास्त टोकदार आहे. ड्यू बॉइस यांनी १९०३ साली ‘प्रतिभावान दशांश’ अशी कल्पना मांडली: समाजातले दहातले एक उत्तम शिकतील आणि बाकीच्यांना वर ओढतील. आपल्याला हे गणित ठाऊक आहे. वर गेलेला शिडी ओढून घेतो, हेही ठाऊक आहे. ड्यू बॉइस यांनी स्वतःच म्हातारपणी ही कल्पना तपासून दुरुस्त केली. नुसती हुशारी पुरत नाही, त्याग करायची तयारी लागते, असा त्या दुरुस्तीचा रोख होता.

डॉ. आंबेडकरांनी १९४६ साली याच ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं. अस्पृश्यांची आणि अमेरिकेतल्या निग्रोंची (तेव्हाचा शब्द) स्थिती इतकी सारखी आहे की तिचा अभ्यास स्वाभाविकच नव्हे तर आवश्यक आहे, असं त्यांनी कळवलं आणि संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या निग्रोंच्या अर्जाची प्रत मागितली. ड्यू बॉइस यांचं उत्तर जुलैअखेर आलं. त्याच १९४६च्या जूनमध्ये मुंबईत बाबासाहेबांचं सिद्धार्थ कॉलेज सुरू झालं होतं, कला आणि विज्ञान शाखांचं. आयटीआय नव्हे. फिस्क समोर ठेवून त्यांनी हे केलं, असं मी म्हणत नाही. पण विटा पाडायला शिकवा की तत्त्वज्ञान, या वादात ते कुठल्या बाजूला होते हे त्या निवडीवरून कळतं.

आणि शिडी? तिचं काय झालं ते १९६० साली दिसलं.

नागपूरहून नॅशव्हिलला

जेम्स लॉसन नावाचा अमेरिकन कृष्णवर्णीय तरुण १९५३ साली मेथडिस्ट मिशनरी म्हणून नागपूरला आला. सैन्यात भरती व्हायला नकार दिल्याबद्दल तो आधी तुरुंगात राहून आला होता. नागपुरात हिस्लॉप कॉलेजात तो खेळाचा प्रशिक्षक झाला. पोरांना फुटबॉल, बास्केटबॉल शिकवायचा आणि गांधींचा सत्याग्रह अभ्यासायचा. अलाबामातल्या मॉन्टगोमेरीत कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार घातल्याची बातमी त्यानं नागपूरच्या वर्तमानपत्रात वाचली. १९५६ साली तो परत गेला. मार्टिन ल्यूथर किंग यांची गाठ पडली तेव्हा ते त्याला म्हणाले, वाट पाहू नका, दक्षिणेत या. १९५८ साली लॉसन नॅशव्हिलला पोहोचले आणि व्हँडरबिल्ट विद्यापीठात धर्मशास्त्र शिकू लागले.

फिस्कजवळच्या एका चर्चच्या तळघरात त्यांनी कार्यशाळा सुरू केल्या. व्याख्यानं कमी, तालीम जास्त. एकानं खुर्चीवर बसायचं, बाकीच्यांनी त्याला शिव्या द्यायच्या, तोंडावर धूर सोडायचा, खुर्ची ओढायची, अंगावर काहीतरी ओतायचं. त्यानं उलटायचं नाही, पळायचं नाही, पडला तर डोकं कसं झाकायचं ते शिकायचं. मारणाऱ्याच्या भूमिकेतली मुलंही थरथरत असणार. मैत्रिणीला तोंडावर ती शिवी द्यायची म्हणजे काय!

या तळघरात फिस्कची डायेन नॅश यायची. शिकागोत वाढलेली. नॅशव्हिलला आल्यावर राज्याच्या जत्रेत तिनं स्वच्छतागृहावर ‘रंगीत लोकांसाठी’ अशी पाटी पाहिली आणि ती संतापली. शेजारच्या धार्मिक महाविद्यालयातला जॉन लुइसही यायचा. तो पुढे फिस्कचाच पदवीधर झाला आणि तीस वर्षांहून जास्त काळ अमेरिकी संसदेत बसला.

१३ फेब्रुवारी १९६०ला मुलं शहरातल्या मोठ्या दुकानांतल्या खाद्यपदार्थांच्या काउंटरवर जाऊन बसली. या दुकानांत कृष्णवर्णीयांना साबण, कापड, वह्या विकत घेता येत, पण स्टुलावर बसून सँडविच मिळत नसे. मुलं रविवारच्या कपड्यांत गेली, हातात पुस्तकं. काउंटर बंद झाला तरी अभ्यास करत बसली. दोन आठवड्यांनी गोऱ्या टोळक्यानं त्यांना मारलं आणि पोलिसांनी अटक केली मार खाणाऱ्या ऐंशीएक जणांना. व्हँडरबिल्टनं लॉसन यांना काढून टाकलं.

१९ एप्रिलच्या पहाटे मुलांचे वकील झेड. अलेक्झांडर लूबी यांच्या घरावर बॉम्ब पडला. लूबी नॅशव्हिलला मुळात फिस्कमध्ये अर्थशास्त्र शिकवायला आले होते. पतिपत्नी वाचले, पण समोरच्या मेडिकल कॉलेजच्या शंभरावर काचा फुटल्या. त्याच दिवशी हजारो माणसं तीन-तीनच्या रांगेत, एक शब्द न बोलता नगरभवनावर चालत गेली. पायऱ्यांवर डायेन नॅशनं महापौर बेन वेस्ट यांना विचारलं की माणसाशी केवळ त्याच्या रंगावरून भेदभाव करणं चूक आहे, असं तुम्हाला वाटतं का. महापौर हो म्हणाले. मग काउंटर सगळ्यांना खुले करावेत का, असं तिनं विचारलं. तेव्हाही ते हो म्हणाले. १० मेपासून सहा दुकानांचे काउंटर उघडले. डायेन तेव्हा बावीस वर्षांची होत होती, इंग्रजीची विद्यार्थिनी. लिबरल आर्ट्सचा उपयोग काय, असं कुणी विचारलं तर मी हे दोन प्रश्न सांगतो. ज्याला नाही म्हणता येणार नाही असा प्रश्न विचारता येणं, हे तिथं शिकवतात.

“आता सगळी कॉलेजं खुली आहेत, मग गरज काय?”

शाळांतला वर्णभेद सर्वोच्च न्यायालयानं १९५४ साली घटनाबाह्य ठरवला. हार्वर्डपासून व्हँडरबिल्टपर्यंत सगळीकडे प्रवेश आहे. मग फिस्क कशाला?

प्रवेश मिळणं आणि टिकून पुढे जाणं या दोन गोष्टी आहेत. मोठ्या नावाजलेल्या कॉलेजात खेड्यातून गेलेल्या आपल्याच मुलाला विचारा. वर्गात तो एकटा ‘तसा’ असतो, प्रत्येक चूक जातीच्या नावावर पडते. फिस्कमध्ये तो फक्त एक विद्यार्थी असतो. विज्ञानात याचा फरक दिसतो. २००४पासून फिस्क आणि व्हँडरबिल्ट मिळून एक ‘पूल’ कार्यक्रम चालवतात. विद्यार्थी फिस्कमध्ये भौतिकशास्त्रासारख्या विषयात मास्टर्स करतो, त्या काळात व्हँडरबिल्टच्या प्रयोगशाळांत ये-जा करतो आणि पुढे तिथं पीएचडीला जातो. प्रवेश परीक्षेच्या गुणांपेक्षा कामाची चिकाटी पाहतात. होय, लॉसन यांना हाकलणारं तेच व्हँडरबिल्ट. लॉसन यांनाही त्यांनी पुढे पाहुणे प्राध्यापक म्हणून सन्मानानं बोलावलं. चाळीस-पंचेचाळीस वर्षं लागली, इतकंच. लॉसन २०२४च्या जूनमध्ये पंचाण्णवाव्या वर्षी गेले.

२०२३ साली सर्वोच्च न्यायालयानं कॉलेज प्रवेशात वंशाचा विचार करायला मनाई केली. त्यामुळे एचबीसीयूंची चर्चा पुन्हा वाढली आहे. जिथं वंशाची मोजदाद व्हावी लागत नाही अशी जागा असणं, याला आता वेगळी किंमत आली.

घरातले दागिने

पैशाचं मात्र रडगाणंच आहे. अमेरिकेतली खासगी कॉलेजं कायम ठेवीवर चालतात. देणग्या गुंतवायच्या आणि उत्पन्नावर संस्था चालवायची. हार्वर्डची ठेव पन्नास अब्ज डॉलरच्या वर आहे, फिस्कची काही कोटी डॉलर. कारण सोपं आहे: ठेव माजी विद्यार्थ्यांच्या श्रीमंतीतून वाढते, आणि ज्यांच्या आजोबांना जमीन घेऊ दिली नाही, कर्ज दिलं नाही, ते विद्यार्थी कॉलेजला इमारत कुठून देणार?

१९४९ साली चित्रकार जॉर्जिया ओकीफ यांनी दिवंगत पती, छायाचित्रकार आल्फ्रेड स्टिग्लिट्झ यांच्या संग्रहातून १०१ कलाकृती फिस्कला दिल्या. त्यांत सेझान, पिकासो, रेन्वार. मुख्य अट, विकायच्या नाहीत. २००५च्या सुमारास फिस्कची आर्थिक स्थिती इतकी बिकट झाली की त्यांतली दोन चित्रं विकायचं ठरलं. झालं, कोर्टकचेरी सुरू. आजीनं मोडू नका म्हणून दिलेला चपलाहार, घरावर जप्ती यायची वेळ, आणि भावकी म्हणते आजीचा शब्द पाळा. सात वर्षांनी, २०१२ साली तोड निघाली: अर्कान्सातल्या क्रिस्टल ब्रिजेस संग्रहालयानं तीन कोटी डॉलर देऊन निम्मी मालकी घेतली आणि चित्रं आलटून पालटून दोन्हीकडे राहू लागली. ओकीफ यांच्या इच्छेचा भंग झाला असं म्हणणारे आहेत. मला फिस्कची बाजू पटते. भिंतीवर सेझान आणि वर्गात शिक्षक नाही, अशा कॉलेजाचं काय करायचं?

एवढ्या ओढाताणीतही हे कॉलेज कुठे कुठे पहिलं येतं ते पाहा. दक्षिणेतल्या मान्यता मंडळाची मान्यता मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय संस्था, १९३०. फाय बीटा कॅपा या गुणवंत विद्यार्थ्यांच्या अमेरिकेतल्या सर्वांत जुन्या मानाच्या संस्थेची शाखा मिळवणारं पहिलं एचबीसीयू, १९५३. मुलींचा जिम्नॅस्टिक्स संघ मैदानात उतरवणारंही पहिलं, २०२३.

दरवर्षी ६ ऑक्टोबरला, म्हणजे ती नऊ मुलं ज्या दिवशी निघाली त्या दिवशी, फिस्कमध्ये ज्युबिली दिन असतो. सभा होते, आताचे ज्युबिली सिंगर्स गातात. मग ते नॅशव्हिलच्या जुन्या दफनभूमीत जातात. मूळ चमूतले काहीजण तिथं आहेत, एला शेपर्डही. मुलं थडग्याभोवती उभी राहतात आणि वाद्याशिवाय तीच गाणी म्हणतात, जी तिला कधीकाळी कुणासमोर म्हणायची नव्हती.